जुन्या मोटारीचें सुकाणूं

मोटारीचे बिघाड दोन जातींचे असतात. एका जातीचे बिघाड गाडीला जागच्या जागीं थांबवितात. त्यांत खोळंबा होतो, खर्च होतो, पण जिवाला सहसा धोका नसतो. दुसऱ्या जातीचे बिघाड गाडीला चालूं देतात, आणि म्हणूनच ते अधिक भयंकर असतात. सुकाणूंचा, म्हणजे स्टिअरिंगचा, बिघाड या दुसऱ्या जातींतला आहे. सुकाणूं ढिलें झालेली गाडी वर्षानुवर्षें धांवत राहते. चालकाचे हात हळूहळू त्या ढिलाईला सरावतात. रस्ता सरळ असला तरी सुकाणूंचें चाक सारखें डावीउजवीकडे हलवीत राहण्याची त्याला संवय जडते. आणि "जुन्या गाड्या अशाच चालायच्या" अशी घरांतील सर्वांचीच समजूत होऊन बसते. ही समजूत चुकीची आहे. ज्या गाडीला आज रस्त्याची सारी रुंदी पुरत नाहीं, ती गाडी कारखान्यांतून बाहेर पडली तेव्हां सरळ रेषेंत चालत होती. वय हें तिच्या भरकटण्याचें कारण नव्हे. झिजलेले सांधे हें कारण होय. आणि झिजलेला सांधा दुरुस्त करतां येतो.

हें सारें नीट समजण्यासाठीं एक विशिष्ट गाडी डोळ्यांपुढें ठेवणें सोयीचें होईल. फोर्ड कंपनीची 'मॉडेल ए' ही त्या कामीं उत्तम आहे. डिसेंबर १९२७ मध्यें ती लोकांपुढें आली, आणि १९३१ च्या अखेरीपर्यंत तिच्या सुमारें ४८ लाख गाड्या तयार झाल्या. फोर्डच्या कॅनडांतील कंपनीनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत आपली शाखा काढली, आणि उजव्या हाताला सुकाणूं असलेल्या या गाड्या आपल्याकडील रस्त्यांवरही दिसूं लागल्या. मुंबई-पुण्याकडे जुन्या मोटारींच्या मिरवणुका निघतात त्यांत या पिढींतल्या गाड्या आजही आपल्या पायांनीं चालतांना दिसतात. या गाडीची रचना साधी आणि उघडी आहे. पुढचा आंस एकसंध पोलादी तुळईसारखा आहे, आणि सुकाणूंचा जवळजवळ प्रत्येक सांधा खालीं वांकून पाहिलें असतां डोळ्यांना दिसतो. एक गाडी समजली कीं त्या काळच्या बहुतेक गाड्यांचें सुकाणूं समजलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

चार चाकांची गाडी वळविणें हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. बैलगाडीला दोनच चाकें. बैल वळले कीं गाडी वळते. घोड्याच्या चारचाकी गाडींत पुढचा सबंध आंस मधल्या एका खिळ्याभोंवतीं फिरत असे. पण असा आंस पुरा वळला म्हणजे गाडीच्या आधाराचा पाया अरुंद होतो, आणि ती कलंडण्याचें भय असतें. म्यूनिक येथील गाड्या बांधणारा कारागीर गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यानें यावर तोड काढली. आंस स्थिर ठेवावयाचा, आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकें दाराच्या बिजागरीप्रमाणें स्वतंत्र फिरतीं ठेवावयाचीं, अशी ती युक्ति. इंग्लंडमध्यें तिचें पेटंट १८१८ सालीं त्याच्या वतीनें रुडॉल्फ आकरमन यानें घेतलें, आणि आज ती रचना आकरमनच्याच नांवानें ओळखली जाते. पुढें जर्मनींत कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या मोटारीचें पेटंट घेतलें, तेव्हां ती गाडी तीन चाकांची होती. चार चाकें समाधानकारक रीतीनें कशीं वळवावीं हें त्याला तोंवर साधलें नव्हतें. १८९३ सालीं त्यानें बिजागरीच्या चाकांच्या सुकाणूंचें स्वतःचें पेटंट घेतलें, आणि मग त्याची चारचाकी गाडी निघाली. इंजिन जुळविणाऱ्या माणसालाही सुकाणूं जुळविण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या रचनेंतील मर्म असें. गाडी वळतांना आंतल्या बाजूचें चाक लहान वर्तुळांत फिरतें आणि बाहेरचें मोठ्या वर्तुळांत. दोन्ही चाकें सारख्याच कोनांतून वळलीं तर त्यांपैकीं एक रस्त्यावर घांसत जाईल. म्हणून चाकांच्या बिजागरीपासून निघालेले दोन पोलादी हात समांतर न ठेवतां किंचित् आंत कललेले ठेवतात, इतके कीं त्यांच्या रेषा मागें वाढविल्या तर त्या मागच्या आंसाच्या मध्याजवळ मिळाव्यात. हे दोन हात ज्या आडव्या दांडीनें एकमेकांस जोडलेले असतात तिला टाय रॉड म्हणतात. तिच्यामुळें आंतलें चाक बाहेरच्या चाकापेक्षां आपोआप थोडें अधिक वळतें.

आतां चालकाच्या हातापासून रस्त्यापर्यंत सारी सांखळी पाहूं जातां ती अशी दिसेल. सुकाणूंचें चाक एका लांब दांड्यावर बसविलेलें असतें. त्या दांड्याच्या खालच्या टोकाशीं एका बंद पेटींत मळसूत्र असतें, आणि त्या मळसूत्रांत एका दांतेरी चाकाचा तुकडा अडकलेला असतो. 'मॉडेल ए'च्या आरंभींच्या गाड्यांत या तुकड्याला सात दांते होते. १९२९ मध्यें दोन दांत्यांची नवी पेटी आली. या पेटीचें काम हाताचा जोर वाढविण्याचें. दोन दांत्यांच्या पेटींत हें प्रमाण १३ स १ असें आहे. म्हणजे सुकाणूं १३ अंश फिरविलें तर पेटीबाहेरचा हात १ अंश हलतो. त्या हातापासून एक लांब दांडी, म्हणजे ड्रॅग लिंक, पुढच्या एका चाकाच्या बिजागरीकडे जाते. आणि त्या चाकाची हालचाल टाय रॉड दुसऱ्या चाकाला पोंचविते. दोन्ही दांड्यांच्या टोकांशीं वाटींत गोळा बसविलेले चार सांधे असतात. चाकांच्या बिजागरीचे दोन उभे खिळे असतात. त्यांना किंगपिन म्हणतात.

या सांखळीला आणखी एक अदृश्य कडी आहे. सायकलच्या पुढच्या दांड्याचा कल आठवावा. तो दांडा सरळ उभा नसून वरच्या टोकाशीं मागें झुकलेला असतो. त्याची रेषा जमिनीला जेथें मिळते ती जागा, चाक जमिनीला जेथें टेंकतें त्या जागेच्या किंचित् पुढें येते. त्यामुळें धांवतांना चाक त्या रेषेच्या मागें ओढलें जातें आणि आपण होऊन सरळ राहूं पाहतें. हात सोडून सायकल हांकणाऱ्या मुलाच्या धाडसाला या कलाचें मोठेंच साह्य असतें. मोटारीच्या किंगपिनलाही असाच मागें कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. 'मॉडेल ए'मध्यें तो सुमारें ५ अंशांचा आहे. वळण संपल्यावर सुकाणूं आपोआप सरळ येतें, त्याचें मोठें श्रेय या कलाला आहे.

एवढी ओळख झाल्यावर ढिलाईचा हिशेब मांडतां येईल. गॅरेजांत या ढिलाईला 'प्ले' म्हणतात. चाकाच्या बिजागरीचा हात ५ इंच लांब आहे असें समजूं. त्याच्या टोकाशीं इंचाच्या बाराव्या हिश्शाइतकी हालचाल झाली कीं चाक जवळजवळ १ अंशानें वळतें. दोन दांड्यांच्या चार सांध्यांपैकीं प्रत्येकांत इंचाचा केवळ ४८ वा हिस्सा झीज झाली असेल, तर दूरच्या चाकापर्यंत तिची बेरीज नेमकी इंचाचा बारावा हिस्सा होते. १ अंशाची ही ढिलाई भरून काढण्यासाठीं सुकाणूं १३ अंश फिरवावें लागतें. आणि १७ इंच व्यासाच्या सुकाणूंच्या कडेवर १३ अंश म्हणजे जवळजवळ २ इंच. कोणताही एक सांधा तपासला तर मिस्त्री म्हणेल, "हा कांहीं फार झिजलेला नाहीं." तें खरेंही असेल. पण चालकाच्या हातांत मात्र २ इंचांची पोकळी आलेली असते. सुकाणूंचा रोग हा बहुधा एका मोठ्या दोषाचा नसून अनेक लहान दोषांच्या बेरजेचा असतो.

यावरूनच दुरुस्तीचा क्रम ठरतो, आणि येथेंच बहुतेकांची चूक होते. सुकाणूं ढिलें वाटलें कीं प्रथम पेटीचा स्क्रू आवळण्याचा मोह होतो, कारण तो हाताशीं असतो. वस्तुतः पेटीला सर्वांत शेवटीं हात लावावा. तपासणी जमिनीपासून वर, म्हणजे टायरापासून सुरू करून सुकाणूंच्या चाकापर्यंत नेली पाहिजे.

पहिली तपासणी टायरांची. हवा दोन्ही बाजूंस सारखी आणि पुरेशी हवी. या गाडीला दर चौरस इंचास सुमारें ३५ पौंड. टायर असमान झिजलेला, फुगीर किंवा वाटोळेपणांत चुकलेला असेल तर बाकीची सारी मेहनत व्यर्थ जाईल. जुन्या पद्धतीचे उंच, अरुंद टायर रस्त्यावरील चाकोरीच्या मागें जाऊं पाहतात. तो दोष सुकाणूंचा नव्हे. तसेंच आपले रस्ते मध्यें उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या बाजूनें चालणारी गाडी थोडी डावीकडे ओढते ती कित्येकदां या उतारामुळें. म्हणून परीक्षा मोकळ्या, सपाट जागेंत करावी. ब्रेक दाबला तेवढ्यापुरतीच गाडी एका बाजूला जात असेल, तर दोष ब्रेकांत आहे असें समजावें.

दुसरी तपासणी चाकांची. सपाट जमिनीवर मागच्या चाकांना अटकाव लावून पुढचा आंस उचलावा आणि त्याखालीं भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं शिरूं नये. मग एक हात चाकाच्या माथ्यावर आणि एक तळाशीं धरून चाक आंतबाहेर हलवून पाहावें. तें हललें तर ढिलाई बेअरिंगांत असेल किंवा किंगपिनमध्यें. या दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरावयास सांगावें. ब्रेकनें ढिलाई नाहींशी झाली तर दोष बेअरिंगांत. कायम राहिली तर किंगपिनमध्यें. बेअरिंग आवळणें अवघड नाहीं: चाक फिरवीत नट घट्ट करावा, मग चाक मोकळें फिरेल इतका किंचित् सैल करून नवी कॉटर पिन घालावी. किंगपिन झिजली असेल तर मात्र ती आणि तिचे दोन बुश नवे घालावे लागतात. वरचा आणि खालचा बुश एकाच वेळीं, एकाच रेषेंत रीमरनें कातले पाहिजेत. वेगवेगळे कातले तर नवी पिनही अडखळत फिरेल. बुशाचें भोंक ग्रीसच्या भोंकासमोर आलें आहे कीं नाहीं हेंही पाहावें, नाहींतर ग्रीस बाहेरच राहील आणि थोड्याच दिवसांत पूर्वीचीच अवस्था होईल.

तिसरी तपासणी दांड्यांच्या सांध्यांची. गाडी जमिनीवर उभी असतांना एकानें सुकाणूं थोडें थोडें डावीउजवीकडे हलवावें आणि दुसऱ्यानें प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावें. दांडी हलते पण गोळा हलत नाहीं, असा क्षणाचाही विलंब बोटाला चटकन् कळतो. या सांध्यांच्या आंत गोळ्याला दोन्हीकडून धरणाऱ्या वाट्या, एक स्प्रिंग आणि टोकाला आट्यांचें बूच असतें. बूच पुरें आवळून मग कॉटर पिनचें भोंक जुळेपर्यंत थोडें मागें फिरवावयाचें, ही त्याची रीत. परंतु गोळा झिजून अंड्याच्या आकाराचा झाला असेल तर बूच आवळून लाभ नाहीं. गाडी सरळ असतांना सांधा सैल राहील आणि वळवितांना अडकेल, आणि वळणावर अडकणारा सांधा ढिल्या सांध्यापेक्षां वाईट. अशा वेळीं गोळाच बदलावा. 'मॉडेल ए'चे असे भाग आजही नव्यानें तयार होतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

चौथी जागा पुष्कळांच्या ध्यानींच येत नाहीं. या गाडीचा पुढचा आंस दोन बाजूंनीं मागें येणाऱ्या व्ही-आकाराच्या दांड्यांनीं धरलेला असतो, आणि त्या दांड्या इंजिनाच्या मागच्या बाजूस खालीं एका गोळ्याच्या सांध्यांत मिळतात. हा गोळा झिजला कीं सबंध आंसच पुढेंमागें डुलूं लागतो, आणि त्याबरोबर किंगपिनचा कलही क्षणोक्षणीं बदलतो. दांड्या वांकल्या असतील तर तो कल कायमचाच बिघडतो. कल कमी झालेली गाडी भरकटते आणि वळणानंतर सुकाणूं आपोआप सरळ येत नाहीं. या गाडींत तो कल बदलण्यासाठीं कोठलाही स्क्रू नाहीं; गोळा नवा करणें आणि वांकलेल्या दांड्या जाणत्या कारागिराकडून सरळ करून घेणें हाच उपाय.

सांधे दुरुस्त झाल्यावरच चाकांची जुळणी करावी. दोन्ही पुढचीं चाकें वरून पाहिलीं असतां पुढच्या बाजूस एकमेकांजवळ किंचित् आलेलीं हवींत; या गाडींत हा फरक इंचाचा केवळ सोळावा हिस्सा. तो घरींही मोजतां येतो. चाकें सरळ ठेवून दोन्ही टायरांवर पुढच्या बाजूस, आंसाच्या उंचीला, खडूनें खूण करावी आणि अंतर मोजावें. मग गाडी ढकलून चाकें अर्धा फेरा फिरवावीं, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूस येतील. पुन्हां अंतर मोजावें. पुढचें अंतर मागच्यापेक्षां तेवढेंच कमी भरलें पाहिजे. नसेल तर टाय रॉडचें टोक फिरवून तें जुळवावें. फरक फार असेल तर टायर झपाट्यानें झिजतात. चाकें पुढें फांकलेलीं असतील तर गाडी एका रेषेंत राहत नाहीं.

आतां पेटीची पाळी. प्रथम ड्रॅग लिंक सोडावी, म्हणजे पेटीची ढिलाई स्वतंत्र कळेल. पेटींतही क्रम आहे. आधीं मळसूत्राच्या दांड्याची वरखालीं होणारी हालचाल काढावी, नंतर दांतेरी तुकड्याच्या दांड्याची, आणि शेवटीं दोहोंची परस्परांतील पकड जुळवावी. ही शेवटची जुळणी चाकें सरळ असतांनाच करावी. गाडी आयुष्यांतील बहुतेक काळ सरळ चालते. त्यामुळें दांते मध्यभागींच जास्त झिजतात. मध्यभागची सारी ढिलाई हट्टानें काढली तर कडेला जेथें झीज नाहीं तेथें पेटी आवळून बसते, आणि चालक वळणावर सुकाणूं फिरवूं लागला तर तें फिरेनासें होतें. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुकाणूं मोकळें फिरतें याची खात्री केल्याखेरीज ड्रॅग लिंक पुन्हां जोडूं नये. फारच झीज झाली असेल तर मळसूत्र आणि दांते नवेच घालावे. पेटींत दाट गिअर तेल हवें. कित्येक ठिकाणीं तेल गळतें म्हणून ग्रीस भरतात. पण दांते ग्रीसला बाजूस सारतात आणि तें परत जागेवर येत नाहीं. मग दांते कोरडेच एकमेकांवर घांसूं लागतात.

सुकाणूं जड लागत असेल तर हीच पद्धत उलट वापरावी. आंस उचलून ड्रॅग लिंक सोडावी. सुकाणूं तरीही जडच फिरलें तर दोष पेटींत किंवा तिच्या दांड्यांत. तें हलकें फिरलें आणि चाकें हातानें वळवितांना जड लागलीं तर दोष किंगपिनमध्यें किंवा टाय रॉडच्या सांध्यांत. सांखळी मधोमध तोडून दोन अर्धे वेगळे तपासणें ही रोग शोधण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त रीत आहे.

एका भयंकर लक्षणाचा उल्लेख केलाच पाहिजे. कांहीं गाड्या ठराविक वेगाला पोंचल्या कीं, किंवा एखाद्या खड्ड्यावरून गेल्या कीं, पुढचीं चाकें एकाएकीं थडथड कांपूं लागतात आणि सुकाणूं हातांतून निसटूं पाहतें. याला शिमी म्हणतात. असमतोल चाकाच्या लहानशा हेलकाव्याला ढिल्या सांध्यांत जागा मिळाली कीं तो वाढत जातो. अशा वेळीं सुकाणूं घट्ट धरून, गडबड न करतां, वेग उतरवावा. नंतर चाकांचा समतोल, बेअरिंगें, किंगपिन, चारही गोळे, मागचा गोळा आणि धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, सारें तपासावें. हेलकावा दाबून धरणारा वेगळा डँपर बाजारांत मिळतो. तो लावल्यानें कंप थांबतो, पण झीज थांबत नाहीं. ताप उतरविणाऱ्या औषधानें ज्वराचें कारण जात नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

शेवटीं कांहीं नियम, ज्यांच्या बाबतींत काटकसर करूं नये. सुकाणूंचा कोणताही हात किंवा गोळा मोडला वा चिरला तर तो वेल्डिंगनें जोडूं नये, तो बदलावा. नव्वद वर्षांहून जुन्या पोलादांत डोळ्यांना न दिसणारी चीर असूं शकते. चिरेंत शिरून ती उघड करणारें रंगीत द्रव लावून अशी तपासणी आज सहज करतां येते. गाडी उघडलेली असतांनाच ती करून घ्यावी. काढलेली कॉटर पिन पुन्हां वापरूं नये. एका दांडीचा एक गोळा वाटींतून निसटला तर चालकाच्या हातांत उरतें तें केवळ एक शोभेचें चाक; आणि त्या गोळ्याला जागेवर धरणारी वस्तु म्हणजे दोन-चार रुपयांची ती तार. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, मंद वेगानें, आणि माणसें न घेतां करावी. परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हां पाहावा.

जुनी मोटार जपणाऱ्या घरांत तिच्या रंगाची, दिव्यांची, पितळी टोपणांची निगा मोठ्या हौसेनें राखली जाते, आणि तें योग्यच आहे. पण दसऱ्याला झेंडूची माळ घालून त्या गाडींत जेव्हां आजी आणि नातवंडें बसतात, तेव्हां त्यांचा भार तिच्या रंगावर नसतो. तो आंसाखालच्या त्या चार काळ्या, ग्रीसनें माखलेल्या गोळ्यांवर असतो. वर्षांतून दोनदां खालीं वांकून त्यांच्यावर बोट ठेवून पाहणें, ही त्या गाडीची खरी निगा होय.